आणलेले लेकरू

माझ्या प्रबंधाचे शीर्षक दोन ओळी व्यापत असे. त्यात मुलांचा भावनिक विकास होता, कौटुंबिक मानसिक स्वास्थ्य होते आणि 'ग्रामीण' हा शब्द होता, कारण त्या शब्दावाचून शिष्यवृत्तीचे अर्ज पुढे सरकत नसत. शीर्षक बाजूला ठेवले तर प्रश्न साधा होता. मोठी माणसे लहान मुलांना हसत हसत का रडवतात, आणि रडून झाल्यावर मूल त्या रडण्याचे काय करते?

हा प्रश्न मला ग्रंथालयात सापडलेला नाही. सत्तरच्या दशकात हिंगोलीत वाढलेल्या कोणत्याही मुलाला तो पाठ होता. मी आईवडिलांची नव्हेच. पूर्णेच्या पॅसेंजरमध्ये कोणीतरी मला बाकाखाली विसरून गेले आणि वडिलांनी स्वतःची पिशवी समजून उचलून आणले, असे आमच्या आत्या पाहुण्यांसमोर सांगत. पिशवी खाकी होती, तिचा एक बंद तुटका होता. तपशील त्यांना कधी चुकत नसे. ऐकताना माझा खालचा ओठ बाहेर येऊ लागला की सगळे ओरडत, 'निघाला, निघाला, ओठ निघाला!' ओठ पुरता निघाला की खेळ संपे. मग मला मांडीवर घेत, डोळे पुसत, हातावर शेंगदाणे ठेवत. शेजारच्या घरी हीच गोष्ट हिंदीत चाले: 'तेरे को तो भंगारवाले से लिया, दो टूटे डब्बे दे के.' आमच्या गल्लीत स्वतःच्या आईच्या पोटी जन्मलेले मूल एकही नव्हते.

मी विज्ञानाची विद्यार्थिनी. पदवीनंतर बालविकासाकडे वळले ते मुलांच्या प्रेमापोटी नव्हे. त्या विषयात गर्दी कमी होती आणि मला लवकर वर जायचे होते. प्रवेशाच्या मुलाखतीत मी हे असेच सांगितले होते. माझ्या मार्गदर्शक सरांनी विषय ऐकून चष्मा काढला.

'याला संशोधन म्हणायचं? थट्टा आहे ही.'

'हो सर. थट्टाच तपासायची आहे.'

'आणि निष्कर्ष काय काढणार? लोक दुष्ट असतात?'

'ते गृहीतक आहे, सर. निष्कर्ष वेगळा निघेल असं वाटतं.'

त्यांनी सही केली.

हिंगोली तेव्हा नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. कचेऱ्यांच्या पाट्या नव्या होत्या, रस्ते जुनेच होते. मी सेनगाव तालुक्यातले साखरा निवडले आणि नाल्यापलीकडचा एक तांडा. टेपरेकॉर्डर, हिंगोलीच्या बाजारातून घेतलेल्या चिंध्यांच्या काही बाहुल्या आणि घरोघरी बसून राहण्याची तयारी, एवढेच साहित्य. बसून राहिले की लोक आपल्याला विसरतात, आणि विसरले की ते जसे आहेत तसे वागू लागतात.

पहिल्या महिन्यातच मला हवे ते मिळाले. साखऱ्यात मुलांना सांगत की तुला तांड्यावरून आणले, पायलीभर ज्वारी मोजून. तांड्यावर त्यांच्या बोलीत सांगत की तुला साखऱ्याच्या एका शेतकऱ्याने देऊन टाकले, वर पायलीभर ज्वारीही दिली, इतके तू नकोसे होतेस. नाल्याच्या दोन्ही बाजूंना धान्य तेच होते, माप तेच होते आणि मुले सारखीच रडत होती.

सगळी गंमत एका क्रियापदावर उभी होती: आणणे. तिकडच्या बोलीत 'आननं'. बैल आणतात, सून आणतात, बाजारातून मीठ आणतात. आणि मूल नसलेल्या घरी नात्यातले लेकरू वाढवायला घेतले, तरी लोक तेच म्हणतात: त्यांनी लेकरू आणले. शब्द एकच आहे. हसून म्हटला की लाड आणि न हसता म्हटला की बातमी, एवढाच फरक.

ज्या घरात मी सर्वांत जास्त बसले, ते दोन भावांचे एकत्र कुटुंब होते. सासू, थोरला मुलगा आणि त्याची बायको, धाकटा मुलगा आणि त्याची बायको. धाकट्या जोडप्याला दोन मुले, आठ वर्षांची मुलगी आणि चार वर्षांचा मुलगा. थोरल्यांची एकच मुलगी, सहा वर्षांची. धाकटा भाऊ मुलांना रडवण्यात पंचक्रोशीत पहिला. गावातली मुले त्याला काका म्हणत आणि त्याला पाहून पळत, पण फार लांब पळत नसत.

एका बाजारच्या दिवशी मी टेप सुरू केली, तेव्हा तो स्वतःच्या मुलाला घेऊन ओसरीवर बसला होता. शेजारी एक गाठोडे बांधून तयार होते.

'चल रे पोरा. पुसेगावचा बाजार हाय. तुला वापस करून येऊ.'

'न्हाई.'

'न्हाई कसं? पायलीभर ज्वारी देऊन आनलं तुला. लई खाऊन राहिलास. तोटा व्हऊन राहिला आमाला.'

सासूबाई सुपातून मान वर न काढता म्हणाल्या, 'वापस घेतील का पर? वापरलेला माल हाय.'

'नाक बी गळकं हाय,' काका म्हणाला. 'जाऊ दे, अर्धी ज्वारी मागून घेऊ.'

मुलाचा ओठ थरथरू लागला. आतून त्याची आई, म्हणजे धाकटी सून, ओरडली, 'अवो, आत्ताच जेवलंय ते, रडवू नका, वकंल!' पण तीही हसत होती. काकाने मुलाला खांद्यावर टाकले, गाठोडे उचलले आणि तो रस्त्यापर्यंत गेला, जिथे काळीपिवळी जीप थांबे. मुलगा किंचाळू लागला. जीपवाल्यालाही खेळ ठाऊक होता. तो म्हणाला, 'टाका मागं, पोत्यावर.' तेवढ्यात काकाने मुलाच्या पोटात तोंड खुपसले, आणि तो रडता रडता हसू लागला. दोघे परत आले. सगळे घर बाहेर येऊन हसत उभे होते.

त्याच्या बहिणीची कथा वेगळी होती. तिला भांडेवालीकडून घेतले होते, दोन जुन्या लुगड्यांच्या बदल्यात, आणि त्यांतले एक जरीचे होते. हे ती भावाला ऐकवी: 'मी जरीवर आले. तू किडक्या ज्वारीवर आलास.' मुलांच्यात या किमतींवरून मारामाऱ्या होत. त्यातला वरचा भाव मिळावा म्हणून मुले आजीकडे वशिला लावत.

मी भराभर निष्कर्षाकडे चालले होते. परत करण्याची धमकी फक्त त्यालाच देतात, ज्याला परत करणे अशक्य असते. मूल रडते, घाबरते, पण पुन्हा पुन्हा गाठोड्यासह घरी येते आणि शिकते की आपल्याला टाकून देता येत नाही. क्रूर पद्धत आहे, पण ती काम करते. मराठीत भावना आणि किंमत या दोहोंना भाव हा एकच शब्द पुरतो, असे एक वाक्य मी कच्च्या मसुद्यात लिहिले होते. सरांनी ते खोडले. 'काव्य नको,' म्हणाले. बरोबर होते त्यांचे.

मग माझ्या लक्षात आले की थोरल्यांच्या मुलीला कोणी काहीच म्हणत नाही.

आधी मला ती माझ्या निरीक्षणातली चूक वाटली. पुन्हा टेप ऐकल्या. काका ओळीने सगळ्या पोरांना घेई, शेजारच्यांनाही सोडत नसे, आणि त्या मुलीपाशी आला की त्याचा आवाज वळण घेई. ती समोर येऊन उभी राही. तिचा ओठ आधीपासून तयार असे.

'काका, माझं सांगा की.'

'तुझं काय सांगायचं?'

'मला कुठून आनलं?'

ओसरी गप्प होई. सासूबाई म्हणत, 'जा माय, वासराला पानी दाव.' ती वासराला पाणी दाखवायला जाई. मागे तिच्या चुलत भावंडांचे भाव पुन्हा सुरू होत.

कारण मला धाकटीने सांगितले. आम्ही दोघी तूर निवडत होतो.

'तिला म्हनता येत न्हाई, ताई. ती खरंच आनलेली हाय.'

थोरल्या सुनेला मूल होत नव्हते. तिच्या बहिणीला आखाडा बाळापूरकडे ओळीने मुली झाल्या, आणि त्यांतली शेवटची, अंगावर पिणारी, थोरलीने आणली. आणली त्या दिवशी तिने सगळ्यांना शपथ घातली. धाकटीचा हात तिच्याच लेकीच्या डोक्यावर ठेवायला लावला. माझ्या पोरीपुढे तो शब्द कुणी काढला, तर मी विहीर जवळ करीन, असे म्हणाली.

'माझ्या लेकराला दिवसभर किडकी ज्वारी म्हनतात, ते चालतं,' धाकटी म्हणाली. 'हिच्या लेकराला शब्द लागतो. काहून? काचेचं हाय का हिचं लेकरू?' तिने खडा वेचून दूर फेकला. 'आनि तसं बघितलं तर ह्या घरात आमी दोघी जावा बी आनलेल्याच हाव की. आमाला कुनी असं झाकून ठिवलं?'

तेव्हापासून त्या घरातले सगळे मला एका रेषेत दिसू लागले. मुलीला भाव हवा होता. आईला मौन हवे होते. आणि भाव मिळत नाही म्हणून मुलीला आपल्यात काहीतरी कमी आहे असे वाटू लागले होते, ज्या कमीपणापासून वाचवण्यासाठीच ते मौन पाळले जात होते.

मी तिला बाहुल्या दिल्या. घर मांड म्हटले. इतर मुले चूल, पाळणा, बैल मांडत. हिने बाहुल्या ओळीत बसवल्या आणि प्रत्येकीपुढे ज्वारीचे दाणे ठेवले. एकीपुढे मूठभर, एकीपुढे थोडे. शेवटच्या बाहुलीपुढे काही नव्हते.

'ही कोण?'

'हिचं ठरलं न्हाई अजून.'

'कोण ठरवणार?'

'काका. पर काकाच्या ध्यानात ऱ्हात न्हाई.' मग माझ्याकडे वळून तिने विचारले, 'मॅडम, तुमाला कितीला आनलं?'

मी पॅसेंजर, बाक आणि खाकी पिशवी सांगितली. तिने विचार केला.

'म्हंजी फुकटच,' ती म्हणाली. तिला माझी कीव आली होती.

एकदा तिने आईलाच विचारले. मी तेव्हा तिथेच होते. थोरली उंच, सरळ पाठीची, कमी बोलणारी बाई. मुलीची वेणी घालत होती. वेणी तिच्या मुठीत तशीच राहिली.

'तुला आनलं न्हाई. तू माझ्या पोटातून आलीस.'

मुलगी अर्धी वेणी घेऊन धावत अंगणात गेली. तिथून चुलत बहिणीचा आवाज आला: 'पोटातून? आमी कुनीच पोटातून न्हाई आलो. तू एकटीच कशी गं?' चार वर्षांचा मुलगा टाळ्या पिटू लागला: 'पोटातून! पोटातून!' शेजारची पोरेही सामील झाली. जी एकमेव मुलगी पोटातून आलेली नव्हती, तिला पोटातून आली म्हणून त्यांनी गल्लीभर पळवले, आणि ती त्या दिवशी खरोखरची रडली. आत थोरली दार लावून बसली होती. तिला वाटले शपथ मोडली. शपथ कोणीच मोडलेली नव्हती.

पुढच्या वर्षी मी दुसऱ्या फेरीच्या नोंदींसाठी साखऱ्याला गेले, तेव्हा ओसरीत झोळी टांगलेली होती. इतक्या वर्षांनी थोरलीला दिवस गेले होते. माहेरी बाळंत होऊन, सव्वा महिना करून ती नुकतीच परतली होती. मुलगीच झाली होती. मोठी मुलगी आता सात वर्षांची, आणि झोळीपाशी सतत तीच. दोरी तिच्याच हातात असायची.

दुपार होती, सगळे घरात होते. ती झोका जोरात देत होती.

'हळू,' थोरली म्हणाली.

झोका हळू झाला आणि पुन्हा वाढला.

'हळू म्हनलं ना! झोळीतलं लेकरू हाय, पोतं न्हाई. आनलेलं लेकरू ते आनलेलंच.'

सासूबाईंनी सुपारी कातरायची थांबवली. ज्या बाईने सगळ्या घराला शपथ घातली होती, तिनेच शब्द काढला होता. मी मुलीकडे पाहिले. तिचा चेहरा उजळला होता.

'मला?' तिने विचारले. 'मला आनलं? कुठून?'

धाकटी वाटच पाहत असावी. 'बाळापूरच्या बाजारातून,' ती म्हणाली. 'अर्ध्या पायलीला. ती बी भिजलेली.'

काका हसला. इतकी वर्षे दाबून ठेवलेले हसू होते ते. त्याला खोकला लागला. सासूबाई हसल्या, मुलीचा बाप हसला. थोरली हसली नाही. ती उठली आणि झोळीची गाठ तपासू लागली. आणि मुलगी रस्त्यावर पळत सुटली होती: 'मला अर्ध्या पायलीला आनलं! बाळापूरहून आनलं!' पारावरचा एक म्हातारा म्हणाला, 'महागच पडलीस गं माय,' आणि ती आनंदाने त्याच्या अंगावर धावून गेली. परत आली ती थेट माझ्यापुढे.

'मॅडम, टेपमधी आलं का?'

'आलं,' मी म्हणाले.

शास्त्राच्या दृष्टीने तो दिवस अनमोल होता. ज्या मुलीला थट्टा मिळत नव्हती, तिला ती मिळताना मी पाहिले होते, आणि माझा निष्कर्ष जागच्या जागी सिद्ध होताना दिसत होता. मूल थट्टेने फुलले होते. मला एवढेच दिसले नव्हते की ही थट्टा नव्हती.

दोन दिवसांनी थोरली माझ्याजवळ येऊन बसली. आजवर ती आपणहून कधी आली नव्हती.

'ताई, तुमी लेकराच्या मनाचं शिकता. एक सांगा. ह्या वयाचं लेकरू दुसऱ्या घरी गेलं तर पहिलं घर इसरतं का?'

मी समजावून सांगितले. अगदी तान्हे असताना मूल नव्या हातांना सरावते. पुढे ओळख पक्की होते, आठवण धरून राहते. सातव्या वर्षी मूल सगळे लक्षात ठेवते. त्या वयात घर तुटले तर ते आतून मोडते. आणि जितके वय वाढेल तितके ते अवघड होत जाते. माझे बोलणे इतक्या लक्षपूर्वक त्या गावात कोणीच ऐकले नव्हते.

'म्हंजी जितका उशीर, तितकी तकलीफ.'

'मी तसं म्हणत नाही. मी म्हणते, हलवूच नका.'

'ते समजलं. पर उशीर केला तर तकलीफ वाढती, हे बराबर हाय ना?'

'हो, पण...'

'मग झालं,' ती म्हणाली. उठताना तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला. तिला माझा आधार वाटला होता.

उत्तर बरोबर होते; आजही कोणी विचारले तर मी तेच देईन. त्या बाईने त्यातला तिला हवा तेवढा तुकडा उचलला आणि बाकीचे माझ्याकडे ठेवले.

मुलीला परत पाठवू नका म्हणून मी तिच्या नवऱ्याशी बोलले. तो बैलाला खरारा करत होता. 'घरचा मामला हाय, ताई. परक्याला थोडंच देऊन राहिलो? तिच्या जन्मदात्या मायजवळ चालली ती.' म्हणजे अन्याय होत होता तो इतकी वर्षे, आणि आता दुरुस्त होत होता. 'तिकडं त्यांना आता पोरगं झालंय. त्याला सांभाळाया कुनी पाहिजेच हाय. आनि इकडं दोन पोरी कशाला?' सासूबाईंनी कौल दिला, की आपली आपल्याला, त्यांची त्यांना. शब्दावरून चिडलेली धाकटी, शब्द निघाल्यापासून मुलीच्या ताटात दोनदा वाढत होती.

सेनगावला जाऊन मी कॉईनबॉक्सवरून सरांना फोन केला. ते म्हणाले, 'तुम्ही निरीक्षक आहात. हस्तक्षेप केलात तर सगळ्या नोंदी बाद होतील. आणि अशी केस पुन्हा मिळत नाही.' दोन्ही वाक्ये खरी होती. मी तरीही परत जाऊन सासूबाईंशी भांडले. त्यांनी मला चहा दिला.

न्यायचे ठरले त्या सकाळी मुलीला नवा फ्रॉक घातला होता. गाठोडे काकाच्या हातात होते, कारण गाठोडे नेहमी काकाच्याच हातात असे. मुलगी ओसरीच्या खांबाला मिठी मारून किंचाळत होती: 'न्हाई! मला वापस करू नका! मी कमी खाईन!' आणि मधेच खिदळत होती. इतकी वर्षे दुसऱ्यांचे पाहून पाठ केलेले सगळे ती करून दाखवत होती. ओठ तिने फार सुंदर काढला. काकाने तिला खांद्यावर घेतले. तिने त्याच्या पाठीवर बुक्क्या मारल्या आणि मान उचलून मागे पाहिले.

घर बाहेर येऊन उभे होते. कोणी हसत नव्हते.

'हसा की,' ती म्हणाली. मग रागावून म्हणाली, 'समदे हसा की! माझ्याच टायमाला काहून हसत न्हाई तुमी?'

तिची चुलत बहीण हसली. सासूबाई आत गेल्या. थोरली बाहेर आलीच नव्हती. झोळीचा करकर आवाज मात्र येत होता, संथ, एका लयीत. जीपवाला त्या दिवशी काही बोलला नाही. मुलगी पुढच्या बाकावर काकाच्या मांडीवर बसली आणि तिने आम्हा सगळ्यांना हात केला.

काका संध्याकाळी एकटा परतला. पाय धूत असताना धाकटीने विचारले, 'रडली का?'

'हसत व्हती.'

'कुठवर?'

'कळमनुरीपर्यंत.' त्याने तांब्या खाली ठेवला. 'मग पुसाया लागली, गाडी वापस कवा फिरनार म्हनून.'

धाकटीने ताटे वाढली.

मला वाटले होते, हा खेळ त्या घरातून आता उठेल. तसे काही झाले नाही. पुढच्याच बाजाराला काकाने मुलाला ज्वारीवरून छेडले. सवय होती त्याची. पण मुलाचा ओठ निघाला नाही. तो शब्द संपायच्या आत गुरासारखा ओरडत गोठ्यात पळाला आणि गव्हाणीत शिरला. त्याला बाहेर काढता काढता काकाच्या हाताला चावा बसला. जरीच्या लुगड्यावर आलेली त्याची बहीण आपला भाव पुन्हा कोणाला सांगेना. पाहुणे आले आणि सोबत पिशव्या दिसल्या, की दोन्ही मुले आईच्या पदराआड जात आणि तिथून हलत नसत. एका लेकराला खरोखर परत केले, आणि त्या घरातली सगळी थट्टा खोटे नाणे ठरली. प्रबंधातले ते प्रकरण परीक्षकांनी वाखाणले. त्यावर मला पुढची शिष्यवृत्ती मिळाली.

त्याआधी, पावसाळा सरता सरता, मी बाळापूरला गेले होते. पाठपुरावा हा पद्धतीचाच भाग असतो. घर मोठ्या रस्त्याला लागून होते; ट्रक गेला की पत्रे थरथरत. जन्मदाती आई मोकळ्या स्वभावाची निघाली.

'लई शानी हाय,' ती म्हणाली. 'आली तशी कामाला लागली. रडनं न्हाई, रुसनं न्हाई. बहिनीनं चांगलं वळन लावलं.' मग हाक मारली, 'ए, कोन आलंय बघ!'

मुलगी दोन वर्षांच्या भावाला कडेवर घेऊन आली. नवा फ्रॉक रोजचा झाला होता. तिने मला 'मॅडम' म्हटले आणि उभी राहिली. टेप आणली आहे का, असे विचारले नाही.

'मावशी, याला पेज देऊ का?' तिने आईला विचारले.

'मावशी म्हनू नकोस, किती येळा सांगू,' आई म्हणाली, आणि डोक्यावर टोपली घेऊन बाजारात गेली.

आम्ही दाराशी बसलो. मी बाहुल्या काढल्या. तिने त्यांच्याकडे पाहिले आणि त्या शेजारी सरकवल्या. भावाला मांडीवर घेतले आणि त्याच्याशी बोलू लागली. आवाजात लाड नव्हता, राग नव्हता, हसूही नव्हते. शाळेत पाढे म्हणतात तसा तो सपाट होता.

'तुला आनलंय. आनलेलं लेकरू वापस नेत असतात. आधी नवा झगा घालतात. मग जीप येती. समदे बाहेर येऊन उभे ऱ्हातात, पर हसत न्हाईत. हसले न्हाई की समजायचं.'

पोराला शब्द कळत नसावेत. तिचा चेहरा कळत होता. तो रडू लागला, आणि त्याला जवळ घेण्याची, पोटात तोंड खुपसून हसवण्याची जी वेळ असते ती येऊन निघून गेली. ती त्याच्याकडे पाहत राहिली.

'असं का सांगतेस त्याला?' मी विचारले.

'सवय व्हावी म्हनून,' ती म्हणाली.

त्याचे नाक तिने आपल्या फ्रॉकने पुसले, त्याला मांडीवर नीट बसवले आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.